छापून झालेला निरोप

परदेशात जाऊन निवृत्त होणं ही मनुष्यजातीने गाठलेली सर्वांत उंच पायरी आहे. आपल्या ऋषींनी वानप्रस्थ सांगितला खरा, पण त्यांचं अरण्य गावाबाहेरच होतं. सून हाक मारायला येऊ शकत होती. जिथे आपलं नावसुद्धा कोणाला धड उच्चारता येत नाही अशा मुलखात म्हातारं होण्याची ज्याची छाती आहे, तोच खरा मुक्त पुरुष.

हे विचार डीटर क्राउझेचे. ते ऐकवले तेव्हा मुक्त पुरुष सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कठड्याला पोट टेकवून उभा होता आणि शेजारच्या गोडाउनच्या पत्र्यावर उडून पडलेली आपली बनियन बांबूने ओढत होता. बनियन आली नाही. बांबूही गेला. तेवढ्यात जिन्यातून अलकाताईंचा आवाज आला, “बनियन लेवाले गयात का गच्ची बांधाले?” आणि मुक्त पुरुष मुकाट्याने खाली गेला.

त्या काळी डीटर सुखी होता.

जर्मनीतल्या केम्निट्झ नावाच्या गावचा हा फिटर नव्वदच्या दशकात नरोलीच्या एका कारखान्यात धाग्याला पीळ देणारी मशिनं बसवायला सहा आठवड्यांसाठी आला. मशिनांच्या पेट्या बंदरात अडकल्या आणि सहा आठवड्यांचे आठ महिने झाले. कारखान्याच्या लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासायला धुळ्याच्या अलका पाटील होत्या. त्यांनी धागा तपासला, मग डीटरला तपासला. पेट्या सुटल्या, डीटर अडकला. पुढे कंपनीने त्याला इथेच सर्व्हिस इंजिनिअर म्हणून ठेवला. रिटायर झाल्यावर त्याने जर्मनीला जायचं की राहायचं यावर नवरा-बायकोची सविस्तर चर्चा झाली. ती अलकाताईंनी एकट्यांनीच केली आणि राहायचं ठरलं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा नाशिकचा. अशाच एका कारखान्यात क्वालिटी बघायला आलो, दोन वर्षांत परत जाऊ असं बायकोला सांगून. त्याला आता तीस वर्षं झाली. पद्मजा अजून अधूनमधून विचारते, “दोन वर्षं झाली का हो?”

तसं पाहिलं तर सिल्वासात परका कोण नाही? आमचा वॉचमन बिहारातल्या छपऱ्याचा, दूधवाला मेहसाण्याचा, वरचे मजले जळगाव-नंदुरबारचे. जे खरोखर इथले, वारली, कोकणा, धोडिया, त्यांना कोणी विचारायच्या आत आम्ही सगळे येऊन बसलो होतो. फरक इतकाच, की आमचं परकेपण जवळ आल्यावर कळतं आणि डीटरचं रस्त्याच्या पलीकडून दिसतं.

त्याचं मराठी मात्र सासुरवाडीचं, म्हणजे अहिराणीत बुडवून काढलेलं. त्यात तो सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. कारखान्याच्या मालकालाही ‘तू’. मालकाला तो युरोपियन मोकळेपणा वाटायचा आणि तो खूश व्हायचा. हाच मोकळेपणा मी एकदा करून पाहिला. माझं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट राहिलं.

परदेशात निवृत्त होण्याचे फायदे डीटरकडून ऐकावेत. केम्निट्झमध्ये डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. इथे डिसेंबरात पंखा लागतो. तिथे दाढदुखीला तारीख मिळेपर्यंत दाढ आपली आपण पडते. इथे डॉक्टर फोनवरच “आत्ता या” म्हणतो. तिथल्या पेन्शनीत तिथे माणूस जेमतेम जगतो. तीच पेन्शन इथे आली की त्याच्याकडे स्वयंपाकाला बाई, धुण्याला बाई, आणि पँटचा गुडघा फाटला तर नवी शिवून देणारा मास्तर. लग्नामुळे मिळालेल्या कार्डावर त्याला इथे कायम राहता येतं, फक्त शेतजमीन घेता येत नाही आणि मत देता येत नाही. मत देता येत नाही हे कळल्यावर बिल्डिंगमधल्या बऱ्याच लोकांनी त्याचा हेवा केला होता.

मग कोविडनंतरच्या वर्षी अलकाताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. आणि तोट्यांची बाजू उघडली.

पहिला तोटा: लोक फार चांगले वागायला लागले.

अलकाताई होत्या तोवर डीटर हा ‘अलकाताईंचा नवरा’ होता. त्या गेल्या आणि तो पुन्हा ‘फॉरेनर’ झाला. आमच्याकडे फॉरेनरचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा सत्कार करायचा. सामरवरणीत जिमचं उद्घाटन, डीटर. शाळेचा क्रीडामहोत्सव, डीटर. राखोलीला कोणाच्या तरी मेहुण्याचं फर्निचरचं दुकान, फीत कापायला डीटर. प्रत्येक वेळी शाल आणि श्रीफळ. सिल्वासात शाल ही फक्त सत्कारासाठी असते; अंगावर घेण्याइतकी थंडी इथे पडत नाही. त्याचं कपाट शालींनी भरलं. नारळ तो ओट्याखाली ओळीने मांडून ठेवायचा. अलकाताई असताना नारळांची चटणी व्हायची, आता ते नुसते बसून असायचे. कधी गेलो तर एखादा कानाशी धरून हलवून पाहत असायचा. “याचं पाणी संपलं,” म्हणायचा आणि परत ओळीत ठेवून द्यायचा.

दुसरा तोटा: त्याच्याशी भांडायला कोणी तयार होईना.

संध्याकाळी लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भाजी घ्यायला तो मुद्दाम जायचा. अलकाताई तिथे भावावरून असं भांडायच्या की ऐकायला माणसं थांबत. डीटर सगळं बघून शिकला होता. तो वांगं हातात घेऊन दरडावून म्हणायचा, “हे जास्त आहे.” लारीवाला लगेच भाव उतरवायचा. डीटर म्हणायचा, “अजून.” लारीवाला हात जोडायचा, “साहब, ऐसे ही ले जाओ,” आणि वर कोथिंबिरीची जुडी टाकायचा. समोरचा लढाईआधीच शरण गेला की सैनिकाची काय अवस्था होत असेल ती तेव्हा डीटरच्या चेहऱ्यावर दिसायची. फुकटची वांगी घेऊन मान खाली घालून जिना चढायचा.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर कहरच झाला. आमची सभा म्हणजे पार्किंगवरून दोन तास आरडाओरडा, मग वेफर्स. त्या दिवशीही कोण कोणाच्या आईवर गेलं होतं ते मिनिट्समध्ये घेतलेलं नाही. डीटर उठला. म्हणाला, “वरच्या बाथरूमचा पाइप गळतो. माझ्या छतातून पाणी पडतं. हे बरोबर नाही.” सभा शांत झाली. मग टाळ्या पडल्या. आमचे चेअरमन प्रसाद वाणी उठून म्हणाले, “पाहा, परदेशातला माणूस किती सुंदर मराठीत मुद्दा मांडतो! नाहीतर आपण!” कोणीतरी कुठूनतरी पुष्पगुच्छ आणला. फोटो झाला. पाइप अजून गळतो.

तो घरी येऊन माझ्याकडे बसला. पद्मजाने चहा ठेवला.

“अविनाश, मी रागावलो होतो,” तो म्हणाला. “माझा आवाज मोठा होता ना?”

“चांगला मोठा होता.”

“मग?”

पद्मजाने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमच्या केंद्रशासित सिल्वासात नाही, त्यामुळे शनिवारी सिल्वासातल्या प्रत्येकाला नातेवाईक असतात. वापीचा चुलतभाऊ, सुरतचा साडू, ज्याला आपण लग्नानंतर पाहिलेलं नाही तो बडोद्याचा वर्गमित्र. सगळे ‘सहज’ येतात. डीटरही शनिवारी फ्रिजमध्ये बिअर भरून ठेवायचा, शेंगदाणे भाजून घ्यायचा. कोणी येत नसे. साहेबांकडे आज मोठे लोक येणार असतील, आपण कशाला जा, असं सगळ्यांना वाटायचं. रविवारी सकाळी तो ते शेंगदाणे डब्यात भरून आमच्याकडे आणून द्यायचा. आमच्याकडे चिक्की होत होती. आता कळतं, ती किती शनिवारांची चिक्की होती.

मीही फार मोठ्या गर्दीत राहतो असं नाही. आमचा आशिष पुण्याला असतो. रविवारी फोन करतो आणि “बाकी काय?” विचारतो. मी “बाकी ठीक” म्हणतो. मग दोघंही गप्प बसतो आणि नेटवर्क गेलं असं समजून फोन ठेवतो. त्यामुळे रोज संध्याकाळी डीटरबरोबर दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत जाणं हे मी त्याच्यासाठी करतो असं मी सांगत असलो, तरी पद्मजाचा त्यावर विश्वास नाही.

डिसेंबर संपता संपता पुलावर उभे असताना डीटर म्हणाला, “गिझेलाच्या खालचा फ्लॅट रिकामा होतोय.”

गिझेला म्हणजे त्याची बहीण, केम्निट्झमध्ये एकटी राहते. दर रविवारी तिथे दुपारची कॉफी झाली की ती फोन करते.

“जानेवारीच्या शेवटी उत्तर द्यायचं आहे. हो किंवा नाही.”

“मग?”

“तिथे एक शेजारीण आहे, फ्राउ लेमान. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी काचेची बाटली कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात टाकली. ती खिडकीतून ओरडली. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं.” तो नदीकडे पाहत होता. एखाद्याने जुन्या प्रेयसीबद्दल बोलावं तसा तो बोलत होता. “मला बाहेर बोलावलं, बाटली काढायला लावली.”

“तिथे तुझं कोण आहे आता?”

“कोणी नाही. मित्र मेले. बेकरीवाली मला विचारत होती, तुम्ही कुठून आलात? जेवणात मिरची नाही. चारला अंधार.” मग तो म्हणाला, “इथेही मी फॉरेनर, तिथेही फॉरेनर. पण तिथे मला लोक काम सांगतात. बर्फ काढ. बाटली उचल. दार लाव. इथे...” आणि त्याचं मराठी संपून सासुरवाडी सुरू झाली, “माले कोणी काही काम सांगत नही, भो. अलका गयी, तवपासून कोणी नही.”

पुलाखालून पाणी चाललं होतं. खरं म्हणजे मी त्याच क्षणी त्याला काहीतरी काम सांगायला हवं होतं. पण माझी पिशवीसुद्धा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रसाद वाणींकडे गेलो. हे गृहस्थ सोसायटीचे चेअरमन, मराठी मंडळाचेही अध्यक्ष. वय पंचेचाळीस, खोके बनवायचा कारखाना, उत्साह चार कारखान्यांचा. मी त्यांना सगळं सांगितलं. डीटर एकटा पडलाय. परत जायचा विचार करतोय. त्याला कमिटीत घ्या, पाण्याच्या मोटारीची जबाबदारी द्या, काहीही द्या, पण पाहुण्यासारखं वागवणं थांबवा.

प्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं.

“काका,” तो म्हणाला, “बरं झालं वेळेवर सांगितलंत. आपण काहीतरी करायलाच पाहिजे.”

“करा.”

“असा निरोप देऊ, असा निरोप देऊ, की माणूस जन्मात विसरणार नाही!”

“अहो प्रसाद, निरोप नाही. त्याने राहावं म्हणून—”

“तेच म्हणतोय. त्यांना कळलं पाहिजे, आपलं किती प्रेम आहे.”

“पण तो जायचा ठरला नाहीये अजून.”

“मग ठरवायला सांगा ना काका. हॉल जानेवारीच्या चौथ्या रविवारचा मिळतोय. नंतर लग्नसराई आहे.”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. पण सत्काराच्या कार्यकर्त्याला अडवणं म्हणजे उतरणीवर ट्रक अडवणं. तो दर वाक्याला “बरोबर आहे काका” म्हणत होता आणि मोबाइलवर केटररचा नंबर शोधत होता.

आठवड्याभरात गेटवर फ्लेक्स लागला. आठ फुटी. मधोमध डीटरचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची महिरप, वर समई, खाली ‘भावपूर्ण निरोप’ आणि मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे डीटरपेक्षा मोठे फोटो. पद्मजा भाजीची पिशवी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“अहो, हा निरोपाचा आहे की दहाव्याचा?”

“निरोपाचा.”

“मग समई कशाला? माणूस जिवंत आहे ना वर?”

माणूस वर नव्हता. मागेच उभा होता. त्याने फ्लेक्स खालपासून वरपर्यंत नीट वाचला. मोठी अक्षरं त्याला येतात. अलकाताईंनी पेपर वाचायला शिकवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगायला लागलो की डीटर, हे असं नव्हतं, मी त्यांना वेगळंच सांगायला गेलो होतो. त्याने हात वर केला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “आता छापलं.”

“छापलं तर काढता येतं!”

“लोकांनी हॉल घेतला. जेवण सांगितलं.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू निरोप माझाच होता. “निरोपाच्या रविवारी संध्याकाळी गिझेलाचा फोन येईल. तिला हो म्हणतो.”

फ्लेक्समुळे देश सोडणारा हा बहुधा पहिलाच माणूस. पुढारी फ्लेक्समुळे येतात असं ऐकलं होतं.

त्या पंधरा दिवसांत आम्ही पुलापर्यंत जात राहिलो. बोलणं कमी झालं. शाली तिथे उपयोगी पडतील, एवढं तो एकदा म्हणाला. अलकाताईंचे कपडे धुळ्याला त्यांच्या भावजयीकडे पाठवावेत का, असं एकदा विचारलं. मी “पाठव” म्हणालो. मग दोघंही रेलिंगला टेकून खालच्या पाण्याकडे पाहत बसलो. कोणी चालणारे “गुड इव्हनिंग सर” म्हणून गेले. तो प्रत्येकाला मान लववून उत्तर देत होता. मला एकदम वाटलं, हा गेल्यावर मी या पुलावर कोणाबरोबर गप्प बसणार? पद्मजाबरोबर गप्प बसता येत नाही. तिला ते चालत नाही.

रविवार उजाडला. हॉल भरला. आमचं मंडळ एरवी गणपतीलाही इतकं जमत नाही, पण केटरर नाशिकचा आहे आणि जिलबी गरम मिळणार आहे ही बातमी फुटली होती. समई पंख्याने विझत होती म्हणून पंखा बंद केला; मग लोक घामाने भिजले म्हणून पंखा लावला आणि समई पेटली आहे असं मानून पुढे गेलो.

प्रसाद चाळीस मिनिटं बोलला. भारत-जर्मनी संबंधांचा इतिहास त्याने संस्कृतच्या जर्मन पंडितांपासून घेतला आणि आपल्या खोक्यांच्या निर्यातीपर्यंत आणून सोडला. मग मंडळाच्या सेक्रेटरी नेहा कुलकर्णी यांनी मानपत्र वाचलं. त्यात डीटरच्या कार्याचा उल्लेख ‘अनमोल’ असा चारपाच वेळा होता. कार्य कोणतं ते लिहायचं राहून गेलं होतं. वारली चित्राची फ्रेम दिली. आणि शाल. “तिकडे थंडी असते, सर!” प्रसाद माइकवरून म्हणाला आणि हशा पिकला. त्याच्या आजवरच्या शालींपैकी ही पहिली शाल विचार करून दिलेली होती.

डीटर बोलायला उभा राहिला. पांढरा शर्ट, वर शाल, कपाळाला नाम. माइक त्याच्या छातीशी येत होता. तो वाकून बोलला.

“अलकाने मला सांगितलं होतं, पाहुण्याने जास्त दिवस राहू नये. मी सहा आठवड्यांसाठी आलो होतो.” पुढचं वाक्य बहुधा त्याने पाठ केलं होतं, ते आठवलं नाही. मग म्हणाला, “मी फार दिवस पाहुणा होतो. आता निघालं पाहिजे. जेवण गरम आहे, तुम्ही जेवा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या वाक्याला लोक उभे राहिले. प्रसाद डोळे पुसत होता. माझ्या शेजारी पद्मजा हात मांडीवर ठेवून बसली होती.

“तुम्ही टाळ्या वाजवत नाही?” मी विचारलं.

“कशाला वाजवू?” ती म्हणाली. “पाइप गळतोय अजून त्यांचा.”

जेवायला रांग लागली. लहानमोठे, मॅनेजर आणि ऑपरेटर, सगळे ताटं घेऊन एकमेकांना कोपर लावत उभे. सरांसाठी मात्र कोपऱ्यात वेगळं टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, बाटलीबंद पाणी, काटा-चमचा आणि एक बिनतिखटाची वाटी. शेवभाजीत वरून मिरची कुस्करणारा माणूस त्या वाटीत चमचा फिरवत एकटा बसला होता. मागे तोच फ्लेक्स, गेटवरून काढून इथे आणून लावलेला. झेंडूच्या महिरपीतला डीटर हसत होता. पुढचा डीटर वाटीतलं काहीतरी काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होता. मी माझं ताट घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो तर वाढपी म्हणाला, “इथे फक्त चीफ गेस्ट.” मी म्हटलं, मी चीफ गेस्टचा खालचा मजला आहे. बसलो.

“काय आहे ते?” मी विचारलं.

“दुधी,” डीटर म्हणाला. “मला वाटतं.”

मी माझ्या ताटातली अर्धी भाजी त्याच्या वाटीत लोटली. तो खाऊ लागला. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, पण फोनचा विचार आम्ही दोघंही करत होतो हे कळत होतं. मी सांगणार होतो की जाऊ नकोस. वाक्य तयार होतं. पण नाशिकच्या माणसाला असलं वाक्य बोलताना आधी खाकरावं लागतं. मी खाकरत होतो, तेवढ्यात एक बाई ताट हातात घेऊन, कडेवर पोर घेऊन, माणसांमधून वाट काढत सरळ आमच्या टेबलाकडे आली. अंगावर कारखान्याचा निळा एप्रन तसाच होता. राखोलीच्या कुठल्याशा युनिटमध्ये असते, नाव सोनम, आणि दिवाळीनंतर डीटरच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आलेली, एवढं मला माहीत होतं. शिफ्ट सुटल्यावर थेट जेवायलाच आली असावी.

“अहो काका, तुम्हीच ना ३०३ वाले?” तिने डीटरला विचारलं. “किती दिवस झाले तुम्हाला गाठायचं म्हणते, तर तुमचं दार नेहमी बंद. मी समोरची.”

डीटर उभा राहिला. शाल खांद्यावरून घसरली.

“बसा बसा, जेवा तुम्ही,” ती म्हणाली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

वाढप्याच्या मागून प्रसाद धावत आला. “वहिनी, अहो काय हे! सर आज सत्कारमूर्ती आहेत. सर जर्मनीला चाललेत!”

“हो का?” तिने डीटरकडे नीट पाहिलं, मग फ्लेक्सकडे. “फोटो छान आलाय. आज चाललेत?”

“आज नाही, पण...” प्रसाद फ्लेक्सकडे वळला. निरोपाची तारीख तिथे होती. जाण्याची तारीख कोणी ठरवलीच नव्हती. “लवकरच.”

“मग मंगळवारी आहात ना काका?”

डीटरने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

“आहे,” तो म्हणाला. “मंगळवारी आहे.”

“मग जरा आमचा गॅसचा सिलिंडर घेऊन ठेवाल? आमची दोघांची फर्स्ट शिफ्ट आहे. रिकामा दाराबाहेर ठेवते, ओटीपी फोनवर सांगते. आणि गॅसवाल्याला तसाच सोडू नका बरं, काटा लावून वजन करायला सांगा. मागच्या वेळी कमी भरलेला देऊन गेला मेला.”